कर्नाटकचं म्हणणं काय आहे?

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात हायस्कूल संपवताना मुलांना गुणपत्रिकेवर ‘ग्लोबल स्कॉलर’ असा शेरा मिळवता येतो. २०१६ च्या कायद्याने ही सोय झाली. भाग घ्यायचा की नाही, हे ज्या त्या शाळेने ठरवायचं. जागतिक आशयाचे विषय घ्यायचे, सेवाकार्य करायचं, परक्या मुलखातल्या कुणाशी तरी संवाद साधायचा आणि शेवटी एक प्रकल्प करून तो लोकांपुढे मांडायचा. शिकागोजवळच्या नेपरव्हिलला राहणारी माझी नात सध्या याच्या मागे आहे. मी सांगलीत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, तेव्हा परक्या मुलखातलं ते ‘कुणीतरी’ म्हणजे मीच!

कॉलेजप्रवेशाच्या अर्जाला बांधायचं हे आणखी एक तोरण, असं मला वाटलं होतं. अजूनही निम्मं तसंच वाटतं. आईबापांच्या पैशाने आठवडाभर कुठल्या तरी गरीब देशात जायचं, शाळेची भिंत रंगवायची, फोटो काढायचे आणि त्याला सेवा म्हणायचं, हे मला पटत नाही. त्या विमानाच्या तिकिटात तिथल्याच रंगाऱ्याला महिनाभर काम मिळालं असतं.

प्रकल्पाचं मात्र तसं नाही. नातीने विषय घेतला पाण्याचा. मी म्हटलं, ‘आफ्रिकेतल्या विहिरी राहू देत, तुझ्या नळाला पाणी कुठून येतं ते आधी बघ.’ ते येतं मिशिगन सरोवरातून, १९९२ पासून. शिकागोचं सांडपाणी पूर्वी याच सरोवरात जायचं आणि पिण्याचं पाणीही त्यातूनच यायचं. म्हणून १९०० मध्ये कालवा काढून शिकागो नदीच उलटी फिरवली, घाण मिसिसिपीच्या खोऱ्याकडे. खालच्या अंगाचं मिसुरी राज्य कोर्टात गेलं आणि हरलं. पुढे सरोवरांच्या काठची राज्यंही भांडायला उठली. शेवटी १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इलिनॉयला मर्यादा घालून दिली : सरोवराचं पाणी सेकंदाला ३,२०० घनफूट.

हा आकडा ऐकून मला हसू आलं. ३,२०० क्युसेक! आमच्याकडे पुराच्या दिवसांत कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विसर्ग लाखांत मोजतात. पण फोनवर बोलता बोलताच दोघींनी वर्षाचे सेकंद काढून गुणाकार केला. सुमारे १०१ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. कोयना धरणाची क्षमता १०५. म्हणजे जवळजवळ अख्खी कोयना, दरवर्षी. मग तिला प्रकल्पात कृष्णेचा पाणीतंटाही हवासा वाटला. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकला ७०० आणि आंध्रला ८०० टीएमसी दिले, हे मी वर्गात इतकी वर्षं सांगितलंय की झोपेतही सांगेन.

तिच्या शिक्षिकेने मसुदा परत पाठवला. शेरा एकच : पलीकडची बाजू कुठे आहे? नातीने रात्री विचारलं, ‘आजी, कर्नाटकचं म्हणणं काय आहे?’

आमच्या प्रश्नपत्रिकेत हा प्रश्न कधी आला नाही. ‘कृष्णा पाणीतंटा : टीप लिहा’, चार गुण, संपलं. मी तिला सांगितलं : विजापूर-बागलकोटकडची जमीन कोरडी आहे, वाट्याला आलेलं पाणी साठवायला अलमट्टी धरणाची उंची ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटर करू द्या, असं ते म्हणतात आणि २०१० मध्ये दुसऱ्या लवादाने ते मान्यही केलं. त्या धरणात त्यांचीही गावं बुडाली. आणि सांगलीत शिरलेल्या २०१९ च्या पुराला अलमट्टी कारणीभूत नाही, असं आपल्याच सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने म्हटलं. हे वाक्य सांगलीत चारचौघांत मोठ्याने म्हणायची सोय नाही. मलाही ते पुरतं पटलेलं नाही. पण नातीने ते मांडलं आणि त्यावरचे प्रश्नही झेलले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात जागतिक नागरिकत्वाच्या शिक्षणाचा उल्लेख आहे. म्हणजे आज ना उद्या असली प्रमाणपत्रं आपल्याकडेही येणार, आणि त्यांचं काय होईल याची मला धास्ती आहे. अकरावी-बारावीच्या पर्यावरण प्रकल्पाचं काय झालं, ते आपण पाहिलंच. स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतो. नाव तेवढं आपलं घालायचं. जागतिक नागरिकत्वाचाही तसाच तयार संच निघेल, वर पृथ्वीचा गोल छापलेला.

म्हणून माझं मागणं थोडकंच आहे. परदेशवारीला गुण नकोत. प्रकल्पाचा विषय मुलाला एका दिवसात जाऊन बघून येता येईल असा हवा. आणि आपल्या विरुद्ध बाजूचं म्हणणं, तिलाही मान्य होईल अशा शब्दांत, परीक्षकांपुढे तोंडी मांडता आल्याशिवाय सही-शिक्का नाही. सांगलीच्या अकरावीच्या पोरांनी पहिल्या वर्षी अथणीच्या पोरांबरोबर पुराच्या नोंदी ताडून पाहाव्यात. अथणी कर्नाटकात असली, तरी मराठी कळणारी माणसं तिथे भेटतात आणि मिरजेहून एसटी जाते.