प्रयोग नको म्हणता, पण चालूच आहे

‘ओपीडीत पेशंटची रांग लागलेली असताना संशोधनाचे फॉर्म भरायचे कुणी?’ हा सरकारी डॉक्टरांचा सवाल रास्तच आहे. नातेवाइकांचं म्हणणं वेगळं: ‘आमच्या माणसावर प्रयोग नकोत.’ मग दोघांच्याही सोयीचा तोडगा निघतो: संशोधन विद्यापीठानं करावं, रुग्णालयानं औषध द्यावं. पण हा तोडगा फसवा आहे.

आधी नातेवाइकांच्या भीतीकडे पाहू. एप्रिल २०२१मध्ये, कोरोनाच्या साथीत, बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तातल्या प्लाझ्मासाठी लोक अपरात्री अनोळखी माणसांना फोन करत होते. प्लाझ्मानं मृत्यू टळत नाहीत की आजार बळावायचा थांबत नाही, हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ३९ रुग्णालयांतल्या चाचणीतून ऑक्टोबर २०२०मध्येच छापून आलं होतं. राष्ट्रीय उपचारसूचीतून तो वगळला गेला मे २०२१मध्ये. मधले सात महिने जे चाललं तोही प्रयोगच. फक्त त्याची धड नोंद नाही, तुलना नाही आणि खर्च घरच्यांचा. रीतसर चाचणीतल्या रुग्णामागे निदान नीतिसमिती असते, इजा झाली तर २०१९च्या नियमांनुसार भरपाईचा हक्क असतो.

ब्रिटनमध्ये याच साथीत ऑक्सफर्ड विद्यापीठानं सरकारी आरोग्यसेवेतली रुग्णालयं हाताशी धरून ‘रिकव्हरी’ चाचणी उभी केली. फॉर्म मुद्दाम आखूड ठेवले. भरायला रिसर्च नर्स होत्या, त्यांच्या पगाराची तजवीज संशोधन निधीतून. (आपल्या डॉक्टरांच्या सवालाचं उत्तर इथंच आहे.) कुणाला डेक्सामेथासोन द्यायचं, हे संगणकानं सोडत काढून ठरवलं. रोज सहा मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. औषध जुनं आणि स्वस्त. १६ जून २०२०ला निकाल जाहीर झाला: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटले. त्याच दिवशी तिथं ते नेहमीच्या उपचारांत आलं.

यावर कुणी म्हणेल, महाडला डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं, ते कुठल्या विद्यापीठाच्या जिवावर? कुठल्याच नाही, आणि त्यांच्यापुढे हात जोडावेत असंच ते काम आहे. पण तिथं मरणारा माणूस एक-दोन दिवसांत डोळ्यांदेखत सावरत होता. डेक्सामेथासोननं नुसत्या ऑक्सिजनवरच्या शंभरांतले सुमारे तिघे जास्तीचे वाचले. हे तिघे एकट्या डॉक्टरच्या नजरेला, तो कितीही निष्णात असला तरी, उभ्या हयातीत दिसायचे नाहीत.

‘आमचे एमडीचे विद्यार्थी प्रबंध लिहितातच की!’ लिहितात. ज्याचा त्याचा वॉर्ड, ज्याचे त्याचे पन्नास-शंभर रुग्ण, आणि परीक्षा झाली की बाड कपाटात. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठानं वीस महाविद्यालयांना एकच प्रश्न वाटून द्यावा, नोंदींचा तक्ता एकच ठेवावा, आणि प्रत्येक ठिकाणी एक रिसर्च नर्स पगारी नेमावी. पहिला प्रश्न सर्पदंशाचा घ्या. प्रतिविषाच्या सुरुवातीलाच दहा कुप्या द्यायच्या की कमीत भागतं, यावर डॉक्टरांमध्ये वाद आहे, आणि रुग्ण तर दर पावसाळ्यात दारात येतातच.