वेबसाइटलाही रॅम्प हवा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एक निवृत्त शिक्षक रिक्षाने दवाखान्यात आले. मधुमेह जुना, त्यापायी दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेलेली. पायाच्या बोटाला जखम, तिच्यात पू. ‘गुरुजी, चार दिवस काय करत होता?’ मी जरा रागानेच विचारले. ते शांतपणे म्हणाले, ‘डॉक्टर, तुमचीच वेळ घेत होतो.’

गुरुजी टॉकबॅक लावून मोबाइल वापरतात. अँड्रॉइड फोनमध्ये ही सोय बहुधा आधीच असते. पडद्यावर जिथे बोट टेकेल, तिथला मजकूर फोन वाचून दाखवतो. माझ्या दवाखान्याची वेबसाइट भाच्याने करून दिलेली. दिसायला देखणी! पण बटनांवर नुसती चित्रे, त्यांना नावे नाहीत. त्यामुळे गुरुजींना फक्त ‘बटन, बटन’ एवढेच ऐकू येई. दवाखान्याचा बदललेला नंबरही फोटोत छापलेला. तो त्यांच्या फोनला वाचता येईना. पत्नी मुलीच्या बाळंतपणाला गेलेली. शेवटी शेजारचा मुलगा परगावाहून परतला, तेव्हा ते आले.

सर्जनने पाय वाचवला, पण बोट काढावे लागले. चार दिवस आधी आले असते तर ते वाचलेच असते, असे मी म्हणणार नाही. पण मधुमेहाच्या जखमेत चार दिवस थोडे नसतात.

दवाखान्याला पायऱ्यांशेजारी रॅम्प मी वीस वर्षांपूर्वीच बांधून घेतला होता. दारातली अडचण मला दिसली, मोबाइलवरच्या दारातली दिसली नाही. आज लॅबचा रिपोर्ट, औषधाची ऑर्डर, बसचे तिकीट, बँकेचे काम, सगळ्यांची दारे मोबाइलवर आली आहेत.

‘आमच्याकडे अंध गिऱ्हाईक येतात किती?’ असे व्यापारी मित्र विचारतात. दारच बंद असेल तर येणार कसे? शिवाय प्रश्न केवळ अंधांचा नाही. मोतीबिंदू झालेल्या आजींना पांढऱ्यावरची फिकट राखाडी अक्षरे दिसत नाहीत. कंपवात झालेल्याचे बोट बारीक बटनावर ठरत नाही. रंगांधळ्याला ‘लाल खूण असलेले रकाने भरा’ ही सूचना निरुपयोगी. बहिऱ्याला व्हिडिओतले बोलणे खाली लिहिलेले हवे. आणि साठी ओलांडल्यावर यातले काही ना काही आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला येणारच आहे.

ही दयेची बाबही नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत आणि सुलभतेची जबाबदारी खासगी सेवा देणाऱ्यांवरही टाकली आहे. ॲसिड हल्ल्यात चेहरा व डोळे भाजलेल्या स्त्रियांना बँकेच्या ऑनलाइन ओळख पडताळणीत पापणी मिटून दाखवता येत नव्हती. त्या प्रकरणी ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

करायचे काय? फार नाही. प्रत्येक बटनाला व चित्राला शब्दांत नाव द्यावे. फोन नंबर, पत्ता, दर फोटोत न टाकता अक्षरांत लिहावेत. अक्षरे ठळक, पार्श्वभूमीहून स्पष्ट वेगळी असावीत. जागतिक मार्गदर्शक तत्त्वांत साध्या मजकुरासाठी हे प्रमाण किमान ४.५ ला १ सांगितले आहे. बटने मोठी ठेवावीत. वाकडीतिकडी अक्षरे ओळखायला लावू नयेत, लावलीच तर ऐकण्याचा पर्याय द्यावा. वेबसाइट नव्याने करवून घेतानाच हे सांगितले तर खर्च फारसा वाढत नाही. नंतरची डागडुजी मात्र महाग पडते.

आणि एक सोपी तपासणी. आपल्या फोनवर टॉकबॅक सुरू करा, डोळे मिटा आणि आपल्याच दुकानाची वेबसाइट वापरून पाहा. ते बंद कसे करायचे, तेवढे आधी शिकून घ्या! मी केली तेव्हा स्वतःच्या दवाखान्याची वेळ मलाच घेता आली नाही.

भाच्याने दोन रविवार बसून दुरुस्ती केली. पुढच्या तपासणीची वेळ गुरुजींनी स्वतः घेतली. आत येताच म्हणाले, ‘डॉक्टर, दवाखाना बोलायला लागला बरं का!’ मला मात्र त्यांच्या पायाकडे पाहताना बरे वाटले नाही.