नकाशात विहीर कुठे आहे?



आमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला आहे. गेल्या महिन्यात बिल्डरने नकाशा दाखवला. प्रत्येकाचं बोट आपापल्या फ्लॅटवर. कार्पेट एरिया किती वाढला, स्वयंपाकघर कुठल्या दिशेला आलं, गाडीची सोय झाली का! मी मात्र आमची विहीर शोधत होते. ती नकाशात नव्हतीच. तिच्या जागी पार्किंगचा एक चौकोन होता.

पुण्यातली आमची जागा पूर्वी मळ्याची होती. सोसायटी झाली तेव्हा मळ्यातली विहीर राखली, आणि पुढे मुलं पडतील या भीतीने तिच्यावर स्लॅब टाकला. त्यालाही बरीच वर्षं झाली. मीही त्या स्लॅबवर पापड वाळत घातले आहेत, म्हणून दोष दुसऱ्या कुणाला देत नाही.

गेल्या चातुर्मासात जवळच्या मंदिरात मुनिसंघ होता. आम्ही चौका लावला. आहाराला विहिरीचं पाणी लागतं, हे तुम्हाला सांगायला नकोच. दोन किलोमीटरवरच्या एका ओळखीच्यांच्या विहिरीवरून आम्ही रोज कळशी भरून आणत होतो. पाणी तिथेच गाळून, जिवाणी तिथेच कडीच्या बादलीने खाली सोडून यायचं, असा नेम होता. एक दिवस जोराचा पाऊस होता. घाईत पाणी न गाळताच घरी आणलं आणि घरी गाळलं. जिवाणी परत नेऊन सोडायला ना रिक्षा मिळाली, ना वेळ उरला. शेवटी ती मी मोरीत ओतली. लहानपणापासून ज्या गोष्टीला पाप म्हणून शिकले, तीच हातून झाली. प्रायश्चित्त घेतलं, पण मनातून ते गेलं नाही.

तेव्हापासून वाटतं, धर्म पाळायला श्रद्धा लागतेच, पण घराची रचनाही तशी असावी लागते. माझ्या माहेरी, सांगलीकडे, सोप्यातून आत गेलं की चौक आणि मागे परसात आड. शेजारच्या चार घरांचं पाणी तिथलंच. कुणाची सून बाळंत झाली, कुणाचा उपवास आहे, कुणाच्या घरात अबोला आहे, सगळं आडावर कळायचं. समाज एकत्र यावा म्हणून कुणी वेगळा हॉल बांधला नव्हता. रोजचं काम एका जागी होतं, म्हणून माणसं भेटत होती. अहमदाबादच्या जुन्या पोळांमध्येही घरांच्या चौकाखाली पावसाच्या पाण्याची टाकी असते आणि पोळीत पाखरांना दाणे घालायला चबुतरा असतो. तिथे पाणी आणि जीवदया यांची सोय घर बांधतानाच केलेली आहे.

आता हिशेब पाहू. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस धरला आणि गच्ची ३०० चौरस मीटरची असली, तर २ लाख १० हजार लिटर पाणी आपल्या डोक्यावर पडतं. थोडं वाया गेलं तरी दीड लाखाच्या वर उरतं. ते आपण गटारात सोडतो आणि उन्हाळ्यात टँकरवाल्याच्या विनवण्या करतो. मोठ्या भूखंडावरच्या नव्या इमारतीला पावसाच्या पाण्याची सोय नियमानेच करावी लागते. मग तो खड्डा विहिरीजवळच का घेऊ नये? पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायचं. पुढचं वाळू-खडीच्या खड्ड्यातून जमिनीत मुरवायचं, म्हणजे झिरपून विहिरीला मिळेल. सांडपाण्याची टाकी तेवढी लांब ठेवायची.

जागा किती जाईल? १० फूट व्यासाच्या विहिरीला साधारण ८० चौरस फूट. कट्टा धरला तरी एका मोटारीची जागा. मुलांसाठी कठडा आणि वर कुलपाची लोखंडी जाळी. खर्च होईल, पण सगळ्यांत वाटला जाईल. परिग्रहाचं परिमाण आपण सोन्यानाण्याला लावतो. ते चौरस फुटांना लावायला कुणी अडवलं आहे का? प्रत्येक घराने वाढीव जागेतले दोन फूट सोडले, तर विहिरीभोवती कट्टा होईल, एखादं झाड होईल, म्हाताऱ्यांना संध्याकाळी बसायला जागा होईल.

सभेत एकाने सुचवलं, की पुढे रिकामे फ्लॅट फक्त जैनांनाच द्या, म्हणजे आपोआप समाज एकत्र राहील. मला हे पटत नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू जैन नाहीत. पण माझ्या अठ्ठाईच्या आठही दिवसांत दुपारी डोकावून विचारपूस त्यांनीच केली. शेजारच्या जैन घराचं दार बंदच होतं. आपल्या प्रतीकाखाली जे वचन असतं, ते जीवांनी एकमेकांना आधार द्यावा असं सांगतं. त्यात आडनाव विचारलेलं नाही. पाट्या लावून शेजार तयार होत नाही. एकत्र वापरायची एखादी जागा असावी लागते.

पुढच्या सभेत मी विहिरीचा विषय लेखी देणार आहे. सह्या करणाऱ्या अजून तरी आम्ही तिघीच आहोत, काकू धरून. नकाशावर अंतिम सही होईपर्यंतच काय ते बदलता येतं. नंतर पाया खणला, की विहीर बुजलीच म्हणून समजा.

तुमच्याकडेही पुनर्विकासाचं बोलणं चाललं असेल, तर सभेला स्वतः जा. कार्पेट एरिया विचारायला घरातले पुरुष आहेतच. तुम्ही एवढंच विचारा, पाणी कुठून येणार, गाळल्यावर जिवाणी कुठे सोडायची, आणि आम्ही एकमेकींना भेटायचं कुठे?