संच फोडू नये

गेल्या शनिवारी हापिसचं काम नव्हतं, बाहेर बर्फ पडत होता आणि मी जमिनीवर फतकल मारून कार्डं मोजत बसलो होतो. एकूण ३१२ निघाली. पत्त्यांची नव्हेत, क्रेडिट कार्डं तर मुळीच नव्हेत. स्टिरिओव्ह्यू कार्डं! मोजायचं कारण असं की पुढच्या वर्षी माझी व्हिसाची सहा वर्षं संपतात, ग्रीन कार्डाची फाईल जागची हललेली नाही, आणि परत जाताना २३-२३ किलोच्या दोनच बॅगा नेता येतात. तेव्हा काय न्यायचं, काय विकायचं आणि काय कुणाला देऊन टाकायचं हा हिशोब सध्या चालू आहे. हा लेख त्या हिशोबातूनच निघाला.

आधी ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साडेतीन इंच उंच आणि सात इंच रुंद असा एक जाड पुठ्ठा. त्यावर शेजारी शेजारी दोन फोटो. वरवर पाहिलं तर वाटतं, एकच फोटो चुकून दोनदा चिकटवलाय. पण कॅमेऱ्याला दोन भिंगं असतात, आणि त्यांच्यातलं अंतर साधारण आपल्या दोन डोळ्यांमधल्या अंतराइतकं, म्हणजे अडीच इंच. त्यामुळे दोन्ही फोटोंत अगदी किंचित फरक असतो. कार्ड व्ह्यूअरमध्ये लावून डोळ्यांसमोर धरलं की मेंदू त्या फरकाचा हिशोब करतो आणि चित्राला एकदम खोली येते. लहानपणी मामाकडे वगैरे व्ह्यू-मास्टर पाहिला असेल तर तत्त्व तेच.

तत्त्व चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ मध्ये मांडलं. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात राणी व्हिक्टोरियाला ते आवडलं आणि युरोपात त्याची लाट आली. अमेरिकेत घरोघरी पोचायला मात्र बोस्टनचा एक डॉक्टर कारणीभूत झाला, ऑलिव्हर वेंडेल होम्स. त्याने १८६१ च्या सुमाराला हातात धरायचा साधा, स्वस्त व्ह्यूअर तयार केला आणि मुद्दाम पेटंट घेतलं नाही. कुणीही बनवा, कुणीही विका. आमच्या भाषेत सांगायचं तर ओपन सोर्स. मग काय, नायगारा, ब्रॉडवे, योसेमिटी, वॉशिंग्टनचं कॅपिटॉल, सगळं लोकांच्या दिवाणखान्यात येऊन बसलं.

मी यात पडलो तो चार डॉलरच्या एका कार्डामुळे. पिट्सबर्गला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात एका जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरलो होतो, खरं तर थंडीपासून पळून. (पुण्यातला जुना बाजार छपराखाली आणून हीटर लावला की इथला अँटिक मॉल होतो.) तिथे नायगाऱ्याचं एक कार्ड होतं. नायगाऱ्याचे फोटो मी हजार वेळा पाहिलेत, स्वतः जाऊन सेल्फीही काढलाय. पण व्ह्यूअरमधून पाहिलं तर कठड्याशी उभी असलेली टोपीवाली माणसं अलग झाली, त्यांच्या पलीकडे पाणी आणि पाण्याच्या पलीकडे नुसती पोकळी. पोटात खरोखर गोळा आला. ती सगळी माणसं मरून शंभर वर्षं उलटली असतील, आणि मला वाटत होतं की जरा मागे सरका हो, पडाल!

तिथून व्यसन लागलं. कार्डांचं वय ओळखायच्या खुणा शिकलो. चौकोनी कोपरे बहुधा जुने, गोल कोपरे नंतरचे. मागे महसुलाचं तिकीट चिकटवलेलं असेल तर कार्ड सप्टेंबर १८६४ ते ऑगस्ट १८६६ या दोन वर्षांतच विकलेलं, कारण यादवी युद्धाच्या खर्चासाठी तेवढाच काळ फोटोंवर कर होता. टाइमस्टँपच म्हणा की. मीडव्हिल हे गाव माझ्या घरापासून उत्तरेला दीड तासावर. कीस्टोन व्ह्यू कंपनी तिथली, १८९२ ची. एका रविवारी उगाच गाडी काढून ते गावही बघून आलो.

आता मुद्द्यावर येतो.

सुटी कार्डं गोळा करणं वेगळं आणि संच वेगळा. १९०० च्या आसपास अंडरवुड अँड अंडरवुडसारख्या कंपन्या अख्खे प्रवास विकायच्या. माझ्याकडे त्यांचा योसेमिटीचा संच आहे, २४ कार्डांचा. खोकं बाहेरून जाड पुस्तकासारखं दिसतं, कपाटात ठेवलं तर कुणाला शंका येऊ नये. सोबत एक मार्गदर्शक पुस्तक आणि नकाशा. नकाशावर लाल आकडे आणि प्रत्येक आकड्यापासून निघणाऱ्या दोन लाल रेघा. आकडा म्हणजे तुम्ही कुठे उभे आहात, आणि दोन रेघांच्या मधला भाग म्हणजे तुम्हाला काय दिसतंय. पुस्तक सांगतं, आता या कार्डाकडे बघा, डावीकडे तो कडा दिसतोय ना, तोच पुढच्या कार्डात समोरून दिसेल. स्ट्रीट व्ह्यू २००७ मध्ये आला. ही कल्पना त्याच्या शंभर वर्षं आधीची.

म्हणजे कार्ड, नकाशा आणि पुस्तक ही तीन टेबलं आहेत आणि आकडा ही त्यांना जोडणारी की. संच फोडला की डेटा राहतो, पण जोड तुटते.

आणि बाजार नेमका हाच उद्योग करतो. अख्ख्या संचाला गिऱ्हाईक कमी, सुट्या कार्डांना जास्त. कुणाला फक्त आगगाड्या हव्या असतात, कुणाला फक्त आपलं गाव. विक्रेता चांगली कार्डं वेगळी काढतो, उरलेली पाच डॉलरच्या डब्यात टाकतो. पुस्तक आणि नकाशा कागदवाल्याकडे. त्याला शिव्या देण्यात अर्थ नाही, तो धंदा करतोय. चूक आपल्यासारख्यांची, जे ‘मला फक्त यातली चांगली आठ द्या’ म्हणतात.

हे मी इतक्या खात्रीने सांगतो कारण ती आठ मीच मागितली होती.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सॅन फ्रान्सिस्कोच्या १९०६ च्या भूकंपाचा साठ कार्डांचा संच. विक्रेता २४० डॉलर मागत होता. मी म्हटलं, निवडून घेऊ का? तो म्हणाला, दहाला एक. मी सिटी हॉलच्या घुमटाचा सांगाडा घेतला, मार्केट स्ट्रीट घेतला, रस्त्यावर चुली मांडून स्वयंपाक करणाऱ्या बायका घेतल्या. (घरात चूल पेटवायला तेव्हा बंदी होती.) बाकीची ५२ मला कंटाळवाणी वाटली. नुसत्या विटांचे ढीग. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो तर ती गेलेली होती, तीही चार-पाच वेगवेगळ्या लोकांकडे.

मग एकदा वाचनात आलं. १८ एप्रिल १९०६ ला पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी भूकंप झाला आणि त्यानंतर तीन-चार दिवस शहर जळत होतं. २८ हजारांहून जास्त इमारती गेल्या. पण शहरातल्या व्यापाऱ्यांना आणि पुढाऱ्यांना ‘भूकंप’ हा शब्द नको होता, ‘आग’ चालत होती. आग कुठल्याही शहराला लागते, परत बांधता येतं, विम्याचे पैसेही आगीचे मिळतात. भूकंप म्हटलं की भांडवल पळून जाणार. मृतांचा अधिकृत आकडा तेव्हा पाचशेच्या आत होता. आज तो तीन हजारांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त मानतात.

आणि माझ्या डोक्यात प्रश्न आला, त्या साठ कार्डांपैकी किती कार्डांच्या मथळ्यात ‘आग’ होतं आणि किती कार्डांत ‘भूकंप’? मोजायला दहा मिनिटं लागली असती. आता मोजता येत नाही, कारण माझ्याकडे आठच आहेत आणि तीही मला सुंदर वाटली म्हणून निवडलेली. विटांचे ढीगच कदाचित महत्त्वाचे होते. काय दाखवलं आणि काय टाळलं हे सगळं समोर असेल तरच कळतं. संच फोडला की उरतात ती नुसती सुंदर चित्रं.

आता तुम्ही म्हणाल, अरे, स्कॅन कर आणि विषय संपव. आमचा रूममेटही हेच म्हणतो. गंमत म्हणजे होम्सही १८५९ मध्ये साधारण असंच म्हणाला होता, की वस्तूचं रूप एकदा उतरवून घेतलं की मूळ वस्तूची फारशी गरज उरत नाही. त्याने तर अशा चित्रांचं मोठं ग्रंथालय हवं अशी कल्पनाही मांडली होती. ती खरीही झाली म्हणा. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत रॉबर्ट डेनिस यांचा ७० हजारांहून जास्त कार्डांचा संग्रह आहे. स्कॅनला माझा विरोध नाहीच, मी स्वतः करतो. पण अनुभव असा की संच फोडणारा माणूस फोडण्याआधी स्कॅन करत नाही. आणि इंटरनेटवर फिरणाऱ्या कितीतरी प्रतींत दोनपैकी एकच फोटो कापून घेतलेला असतो. म्हणजे कार्डाचा जीव ज्यात आहे तेच गायब.

दुसरा आक्षेप जास्त तगडा आहे. कार्लटन वॉटकिन्सने १८६१ पासून योसेमिटीचे फोटो काढले. १८६४ मध्ये लिंकनने ते खोरं राखून ठेवण्याच्या कायद्यावर सही केली, त्यामागे या फोटोंचाही हात होता असं मानतात. याच वॉटकिन्सचा सॅन फ्रान्सिस्कोतला स्टुडिओ १९०६ च्या आगीत जळाला. तो तेव्हा म्हातारा आणि जवळजवळ आंधळा होता. एका जागी ठेवलेलं गेलं, आणि घराघरांत विखुरलेल्या प्रती वाचल्या. मग विखुरणंच चांगलं नाही का?

नाही. बॅकअप वेगळा आणि एकाच फाईलचे तुकडे करून साठ जणांना वाटणं वेगळं. शंभर घरांत शंभर पूर्ण संच असोत, उत्तमच आहे. एका संचाची साठ घरं करू नका, एवढंच म्हणणं.

आई फोनवर विचारते, ‘‘अरे, त्या अमेरिकन रद्दीपेक्षा आपल्याकडचे फोटो का नाही जमवत?’’ तिला सांगितलं, तेही आहेत गं. जेम्स रिकल्टनचा भारतावरचा शंभर कार्डांचा संच अंडरवुडनेच १९०७ च्या सुमाराला काढला होता. त्यातली मुंबईची दोन सुटी कार्डं माझ्याकडे आहेत. उरलेली ९८ कुठे आहेत, कुणास ठाऊक. म्हणजे इथेही तीच कथा.

तर माझा निर्णय असा. सुटी कार्डं सुटीच विकणार, त्यांचा संच केव्हाच मोडलेला आहे, त्यात पाप नाही. योसेमिटीचं खोकं पुस्तक-नकाशासकट हातातल्या बॅगेत, एका ड्रेसच्या जागी दोन ड्रेस घरी राहिले तरी चालतील. आणि ती आठ कार्डं? त्यांच्या मागे आधीच्या मालकाने पेन्सिलीने एक ते साठपैकी आकडे टाकलेत, त्याचा सात मधोमध आडवी रेघ मारलेला. त्या अक्षरावरून मी लिलावांच्या साइट्सवर बाकीची शोधतोय. तीन वर्षांत तीन सापडली, एकूण ७५ डॉलरना. तेव्हा उरलेली ५२ मला १६० ला मिळत होती.

अकरा झाली, एकोणपन्नास राहिली. कुणाकडे रेघेच्या सातवालं सॅन फ्रान्सिस्को असेल तर कळवा. आणि एखादं पूर्ण खोकं हाती लागलंच, तर निवडायला बसू नका. अख्खं घ्या, नाहीतर अख्खं सोडा.

असो. बर्फ थांबलाय, गाडी उकरायला जातो.