सुंठ, साबण आणि एक गिनी!

मनुष्य निरोगी असतो तेव्हा तो चिकित्सक असतो. आजारी पडला की तोच भाविक बनतो. गरजवंताला अक्कल नसते ही म्हण दुखणाइताइतकी दुसऱ्या कोणालाच लागू पडत नाही. हे मर्म ज्यांनी नेमके ओळखले, त्यांनी व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, औषधांच्या नावाने साऱ्या साम्राज्यभर एक अचाट व्यापार मांडला. त्याची कथा गतकाळातील करमणूक म्हणून वाचून सोडून देण्यासारखी नाही. त्या कथेत गोळ्या वळणारे होते, पदवीधर डॉक्टर होते, सरकार होते आणि वृत्तपत्रेही होती. म्हणूनच ती सांगण्याचे कर्तव्य वृत्तपत्रांवर येऊन पडते.

या औषधांना ‘पेटंट’ म्हणत. परंतु पेटंट घ्यावयाचे तर कृती उघड करावी लागते, आणि यांचा तर सारा जीव गुपितात! त्यामुळे त्यांतील बहुतेकांना पेटंट असे नव्हतेच. डबीवर असे ते सरकारी कराचे तिकीट. इंग्लंडात १७८३ साली अशा औषधांवर मुद्रांकशुल्क बसले. त्यातून सरकारला महसूल मिळाला आणि विक्रेत्याला सरकारी मोहोर मिळाली. कराची पावती म्हणजेच गुणाची हमी, असा भोळ्या गिऱ्हाइकाचा समज झाला, आणि तो दूर करण्याची घाई ना विक्रेत्याला होती, ना खजिन्याला. हा कर १९४१ साली उठला.

टॉमस हॉलोवे याने १८३७ साली लंडनमध्ये मलमापासून आरंभ केला. पुढे गोळ्या आल्या. दमा, जलोदर, संधिवात, हिवताप, काहीही असो, उपाय एकच! हिंदुस्थानातील देशी भाषांसकट अनेक भाषांतून त्याने आपल्या मालाची माहिती छापविली. १८८३ साली तो वारला, तेव्हा त्याचा जाहिरातींचा खर्च वर्षाला सुमारे ५०,००० पौंडांवर पोहोचला होता. त्याच संपत्तीतून उभ्या राहिलेल्या स्त्रियांच्या महाविद्यालयाचे उद्घाटन १८८६ साली खुद्द राणीने केले. टॉमस बीचम याच्या गोळ्यांचे घोषवाक्य तर त्याहून प्रसिद्ध: एका डबीला एका गिनीचे मोल! गिनी म्हणजे २१ शिलिंग; डबी मिळे १ शिलिंग दीड पेनीला. १९०९ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने ‘सीक्रेट रेमेडीज’ या पुस्तकात या गोळ्यांचे पृथक्करण छापले. आत काय निघाले? कोरफडीचा वाळविलेला रस, म्हणजे आपला काळा बोळ; सुंठ; आणि साबण. छप्पन गोळ्यांच्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग. हिशेब केला तर विक्रीची किंमत तिच्या १०८ पट भरते. जपमाळेचे मणीही तेवढेच!

काळा बोळ निदान पोट साफ करतो. ‘क्लोरोडाइन’ची गोष्ट अधिक गंभीर आहे, आणि ती आपल्याच भूमीवर सुरू झाली. हिंदुस्थानातील लष्करी डॉक्टर जॉन कोलिस ब्राउन यांनी १८४८ साली ते पटकीवर उपाय म्हणून तयार केले. त्यात अफूचा अर्क, क्लोरोफॉर्म आणि गांजाचा अर्क होता. अफूने आतडे मंदावते, वेदना बधिर होते, आणि रोग हटला असे वाटते. परंतु पटकीचा रोगी मरतो तो शरीरातील पाणी आणि क्षार गमावून, आणि त्यावर अफूपाशी काहीच इलाज नाही. उलट अनेकांना बाटलीचे व्यसन मात्र जडले. याबाबतीत परकीयांकडे बोट दाखवून भागणार नाही. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या कितीतरी माता तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन कामावर जात. रडे थांबले म्हणजे दुखणे थांबले, ही समजूत लंडनची नव्हे, माणसाची आहे.

या बाजारात पदवीधरही मागे नव्हते. इंग्लंडात १८५८ च्या कायद्याने डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली आणि जाहिरात करणे हा व्यवसायाला काळिमा ठरला. तरीही मेलबर्नमध्ये १८५२ साली उतरलेले डॉ. एल. एल. स्मिथ यांनी जाहिरातींचा धडाका लावला, फी घेऊन टपालाने सल्ला दिला, व्यवसायबंधूंनी नाके मुरडली तरी अमाप पैसा मिळविला आणि ते विधिमंडळातही निवडून गेले. येथे एक गोष्ट न्यायाने मान्य केली पाहिजे. त्या काळच्या प्रतिष्ठित वैद्यकापाशी तरी काय होते? पारा आणि जळवा! डॉक्टर दूर, त्याची फी भारी आणि त्याचे उपचार कित्येकदा रोगाहून भयंकर. अशा वेळी वसाहतीतील एकाकी शेतकऱ्याने एका शिलिंगाची डबी जवळ केली, तर त्याला मूर्ख म्हणण्याचा अधिकार कोणाला? दोष त्याच्या गरजेचा नव्हता. आपण काय गिळत आहोत हे त्याला कळू न देता त्या गरजेचा जो व्यापार मांडला गेला, दोष त्या व्यापाराचा होता.

आणि हे त्याला कोणी सांगावयाचे? वृत्तपत्रांनी. परंतु त्यांचे अर्थकारणच या जाहिरातींवर उभे होते. ‘सीक्रेट रेमेडीज’ या पुस्तकाची साधी जाहिरात छापण्यासही अनेक पत्रांनी नकार दिला! अखेर पार्लमेंटच्या निवड समितीने या धंद्यावर विस्तृत अहवाल दिला तो ४ ऑगस्ट १९१४ रोजी. त्याच दिवशी ब्रिटन महायुद्धात उतरले आणि अहवाल बासनात गेला.

आपल्या देशाने १९५४ साली औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केला. मधुमेह, कर्करोग, अपस्मार अशा अनेक रोगांवर हमखास उपायाची जाहिरात करणे हा त्यान्वये गुन्हा आहे. आणि केवळ विक्रेताच नव्हे, तर अशा जाहिरातीच्या प्रसिद्धीत भाग घेणारा प्रत्येक जण त्यात सापडतो. डॉक्टरांनी जाहिरातीने रोगी ओढू नयेत असे २००२ चे विनियमही सांगतात. कायदा आहे, नियम आहेत. आणि तरीही मधुमेह मुळासकट उपटणाऱ्या चूर्णांची वर्णने भ्रमणध्वनीच्या पडद्यावर रोज झळकत आहेत. हॉलोवेला भिंती लागत होत्या; त्याच्या वारसांना आता भिंतीचीही गरज उरलेली नाही.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. शासनाने हा कायदा कपाटातून काढून वापरावा. औषध कोणत्याही पद्धतीचे असो, घटक आणि प्रमाण ठळक अक्षरांत छापले गेलेच पाहिजेत. आणि ज्या जाहिरातीवर संपादक आपल्या घरच्या आजाऱ्यासाठी विश्वास ठेवणार नाही, ती वाचकाच्या आजाऱ्यापुढे ठेवण्याचा त्याच्या पत्राला अधिकार नाही. जाहिरातीचे पैसे देणारा वृत्तपत्राचा ग्राहक असेल. पण वृत्तपत्र ज्याच्या विश्वासावर जगते, तो वाचक आहे. तो विश्वास गिनीला विकला काय किंवा अर्ध्या फार्दिंगला विकला काय, सौदा नुकसानीचाच!