जुनी स्कूटर : आधी थांबणे, मग चालणे



व्यापारी कुटुंबाच्या गोदामात, वाड्याच्या देवडीत किंवा दुकानामागच्या बोळात ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली एखादी स्कूटर आजही पुष्कळ ठिकाणी आढळते. बहुधा ती बजाजची चेतक असते. महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेतलेली ही स्कूटर १९७२ मध्ये बाजारात आली. पुढे कित्येक वर्षे तिच्यासाठी नोंदणी करून दीर्घकाळ प्रतीक्षा करावी लागे. पायाशी धान्याच्या नमुन्यांची पिशवी, मागे वसुलीच्या वह्या आणि रविवारी त्याच आसनावर सारे कुटुंब, अशी तिची सेवा एका पिढीने घेतली आहे. म्हणूनच ती भंगारात देताना हात कचरतो.

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांच्या दिवंगत सासऱ्यांची १९८७ ची चेतक आडतीच्या गोदामात बारा वर्षांपासून उभी आहे. नुकतेच पदवीधर झालेले चिरंजीव ती स्वतः दुरुस्त करू इच्छितात. वडिलांच्या मते ती उगाच जागा अडवून बसली आहे. आईला आनंदही वाटतो आणि धास्तीही. ‘परवानगी द्यावी काय?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

माझे उत्तर असे : परवानगी अवश्य द्यावी, पण क्रम ठरवून. जुने वाहन हाती आले की तरुणाचे सारे लक्ष इंजिनाकडे असते. किक मारावी, धूर निघावा आणि लगेच गल्लीत एक फेरी मारावी. येथेच धोका आहे. बारा वर्षे उभे राहिलेले इंजिन तासाभराच्या खटपटीने सुरू होऊ शकते, पण तेवढ्याने ब्रेक आणि टायर विश्वासार्ह होत नाहीत. बँकेत कर्ज देताना आम्ही आधी कागद पाहत असू, मग तारण, आणि सर्वांत शेवटी रक्कम हाती देत असू. जुन्या स्कूटरलाही हाच क्रम लागू आहे : कागद, सांगाडा, ब्रेक व चाके, आणि सर्वांत शेवटी इंजिन.

पहिली पायरी : कागद

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर नमुना २५ भरून आणि आरटीओकडून वाहन तपासून घेऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. मूळ मालकाचे निधन झाले असेल, तर नियमाप्रमाणे ३० दिवसांत आरटीओस कळवून तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ द्वारे वारसाच्या नावे हस्तांतरणाचा अर्ज करावयाचा असतो. ही मुदत उलटून गेली असल्यास प्रथम आरटीओमध्ये जाऊन विलंबाची पूर्तता कशी करावयाची ते विचारून घ्यावे. नोंदणीपुस्तिका हरवली असेल, तर दुय्यम प्रतीसाठी नमुना २६ आहे. हे सारे झाल्यावाचून सुट्या भागांवर एक रुपयाही खर्च करू नये.

तृतीय पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. विम्याविना निघालेल्या वाहनाने कोणी जखमी झाले, तर भरपाईचा बोजा थेट मालकावर, म्हणजे कुटुंबाच्या पुंजीवर येतो. ‘कोपऱ्यापर्यंतच नेतो’ ही सबब तेथे चालत नाही.

आणखी एक गोष्ट. चासिस व इंजिन क्रमांक नोंदणीपुस्तिकेशी ताडून पाहावेत. त्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासावी आणि तो ठसा जपून ठेवावा. रंगारी पुष्कळदा पुट्टी भरताना चासिस क्रमांकच बुजवून टाकतो. मग आरटीओच्या तपासणीत अडचण उभी राहते. त्या जागेवर चिकटपट्टी लावून, रंगाचा हात तेथे लागू नये अशी स्पष्ट सूचना द्यावी.

दुसरी पायरी : सांगाडा

मोटारसायकलीला नळ्यांची चौकट असते. चेतकला ती नाही. तिचा पत्र्याचा देह हाच तिचा सांगाडा आहे. म्हणून पाय ठेवण्याची फळी कुजली, तर ती केवळ शोभेची हानी नसते, वाहनाचा कणाच दुबळा झालेला असतो. रबरी पट्ट्या व चटई काढून फळी खालून-वरून पाहावी आणि पेचकसाच्या टोकाने ठिकठिकाणी दाबून पाहावी. टोक आत जात असेल, पत्रा पापडासारखा मोडत असेल, तर काम घरी करण्यासारखे नाही. पत्राकाम जाणणाऱ्या कारागिराचा अंदाज घ्यावा. खर्च आवाक्याबाहेर जात असेल, तर नोंदणीकृत वाहन-भंगार केंद्रात स्कूटर देऊन जमा प्रमाणपत्र घ्यावे व आरटीओमधील नोंदणी रद्द करून घ्यावी. असा निर्णय घ्यावा लागला, तरी त्यात सासऱ्यांच्या आठवणीचा अवमान नाही.

कामाची जागा

सांगाडा ठीक असेल, तर स्कूटर गोदामाबाहेर काढावी. ही सूचना मी आग्रहाने करीत आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि दूरच्या दिव्याच्या बटणाच्या ठिणगीनेही पेटू शकते. शेजारी धान्याची पोती, कापूस किंवा तेलाचे डबे असतील, तर परिणाम सांगावयास नको. तो माल बँकेकडे तारण असतो, विमा उतरवलेला असतो, आणि आग लागल्यावर गोदामात पेट्रोल कशासाठी होते, हा प्रश्न विमा कंपनी विचारणारच. काम उघड्या अंगणात, दिवसाउजेडी करावे. वाळूची बादली जवळ असावी. बंद जागेत इंजिन चालवू नये, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हत्यारे थोडकी पुरतात : पान्यांचा संच, प्लग पाना, दोन पेचकस, पक्कड, फीलर गेज आणि हवेचा दाब मोजण्याचे साधन. स्वयंपाकघरातून निवृत्त झालेला मसाल्याचा डबा नट-बोल्टसाठी उत्तम. ज्या क्रमाने भाग निघतील, त्या क्रमाने वाट्या भराव्यात आणि प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र मोबाइलमध्ये घ्यावे.

तिसरी पायरी : ब्रेक आणि चाके

चेतकला पुढे-मागे ड्रम ब्रेक असून दोन्ही तारेच्या केबलने ओढले जातात. ड्रम उघडला की आत काळी भुकटी दिसते. ती फुंकू नये, कोरड्या ब्रशने झटकूही नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसास घातक आहे. नाकावर चांगला मास्क बांधून ओल्या फडक्याने पुसावे व ते फडके पिशवीत बंद करून टाकावे. मागच्या लायनरवर तेल आढळले, तर आतील ऑइल सील गेले आहे असे समजावे. सील बदलल्यावाचून नवे लायनर घालणे व्यर्थ, कारण तेही चार दिवसांत तेलकट होते. ड्रमच्या मोठ्या नटाची जुनी कॉटर पिन पुन्हा वापरू नये. नवी काही रुपयांत मिळते आणि चाक जागेवर राहण्याची ती शेवटची हमी असते.

केबल टोकाशी, मुठीच्या आतल्या बाजूस तपासावी. एक तार जरी तुटलेली दिसली, तरी पूर्ण केबल बदलावी. क्लच, गिअर, ॲक्सिलरेटर व दोन्ही ब्रेक यांच्या केबली एकदमच नव्या घालणे शहाणपणाचे.

टायर वरून नवा दिसला, नक्षी शाबूत असली, तरी रबर वयाने कडक होते. टायरच्या कडेवर चार अंकी संख्या असते. २३१५ याचा अर्थ २०१५ सालचा तेविसावा आठवडा. संख्या तीनच अंकी असेल, तर टायर २००० पूर्वीचा आहे. बारा वर्षे उभ्या असलेल्या स्कूटरचे टायर व ट्यूब, स्टेपनीसह, बदलावेतच.

येथे सर्वांत महत्त्वाचा इशारा. या स्कूटरची रिम दोन अर्ध्या भागांची असते आणि ते भाग नटांनी एकमेकांना जोडलेले असतात. चाक ड्रमला धरणारे नट वेगळे आणि रिमचे दोन भाग जोडणारे नट वेगळे. ट्यूबमध्ये हवा असताना हे दुसरे नट सैल केले, तर रिमचे भाग उसळून चेहऱ्यावर किंवा हातावर आदळू शकतात. म्हणून प्रथम व्हॉल्व्हची पिन काढून सारी हवा सोडावी, टायर दाबून खात्री करावी, मगच पाना लावावा. मुलास हे वाक्य पाठ करावयास सांगावे.

चौथी पायरी : इंजिन

टाकीतील जुने पेट्रोल काढावे. त्याला वॉर्निशसारखा आंबूस वास येतो. ते गटारात ओतू नये, बंद डब्यात भरून गॅरेजवाल्यास द्यावे. टाकीत गंज असेल, तर पेट्रोल कॉकच्या जाळीत त्याचे कण दिसतील. पेट्रोलची नळी नवी घालावी. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा शोषून घेते आणि जुन्या प्रकारच्या रबरास मानवत नाही. इथेनॉलला टिकणारी नळी व वॉशर मागून घ्यावेत, आणि स्कूटर महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करून ठेवावे.

प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर टू-टी तेल सोडावे व रात्रभर राहू द्यावे. दुसऱ्या दिवशी प्लग न लावताच किक हाताने हळूहळू दाबावी. ती अडली, तर जोर करू नये. पिस्टन धरलेला असू शकतो आणि तो सोडवणे कारागिराचे काम आहे. किक मोकळी असेल, तर प्लग स्वच्छ करून त्याची फट ०.६ मिलिमीटर ठेवावी. ठिणगी पाहताना प्लगचे धातूचे अंग इंजिनाच्या पंखांना टेकवावे, पण प्लगच्या भोकापासून दूर.

कार्बोरेटरचे जेट पितळी असतात. त्यांची छिद्रे तारेने किंवा टाचणीने साफ करण्याची सवय सर्वत्र आहे आणि ती वाईट आहे. छिद्र किंचितही मोठे झाले की पेट्रोल-हवेचे प्रमाण बिघडते. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवून हवेचा झोत मारावा किंवा नायलॉनचा दोरा वापरावा.

हे टू-स्ट्रोक इंजिन आहे. त्याच्या पिस्टनला व क्रँकच्या बेअरिंगना वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच. प्रमाण दोन टक्के, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर टू-टी तेल. चार-स्ट्रोक स्कूटरवर वाढलेल्या आजच्या पिढीला हे ठाऊक नसते. नुसत्या पेट्रोलवर हे इंजिन थोड्याच अंतरात जाम होते, आणि चालत्या स्कूटरचे मागचे चाक एकाएकी अडकणे म्हणजे अपघातच. तेल मोजण्याचे माप डिकीतच ठेवावे आणि टाकीच्या झाकणावर ‘तेल मिसळा’ अशी चिठ्ठी चिकटवावी.

पहिली फेरी रहदारीच्या रस्त्यावर नव्हे, मोकळ्या मैदानावर घ्यावी. हेल्मेट हवेच. प्रथम स्कूटर हाताने ढकलून दोन्ही ब्रेक लागतात की नाही ते पाहावे. नंतर पहिल्या गिअरमध्ये दहा पावले जाऊन थांबावे. थांबणे समाधानकारक झाले, तरच दुसरा गिअर.

बदल करण्याविषयी

तरुणांना स्कूटरचे रूप पालटण्याची हौस असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या व नोंदणीत असलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. रंग बदलल्यास नोंदणीपुस्तिकेत नोंद करून घ्यावी. दणदणीत आवाजाच्या सायलेन्सरचा विचारही नको. नवे आसन-आवरण, दोन्ही बाजूंचे आरसे, चांगला हॉर्न एवढ्यावर हौस भागवावी.

मूळ रूप जपण्यात व्यवहारही आहे. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीस ५० वर्षे झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनास ऐतिहासिक वाहन म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू शकते. आरंभीच्या चेतक आता त्या वयाच्या झाल्या आहेत. १९८७ च्या चेतकला तो मान २०३७ मध्ये मिळू शकेल. म्हणून काढलेले जुने मूळ भाग फेकू नयेत, चिठ्ठी बांधून पेटीत ठेवावेत.

शेवटी हिशेब. एक वही घालावी. डाव्या पानावर केलेले काम व तारीख, उजव्या पानावर खर्च. आरंभीच वडील व मुलाने मिळून खर्चाची कमाल मर्यादा लिहावी व दोघांनी सही करावी. मर्यादा गाठली की काम थांबवून पुन्हा विचार करावा. पत्राकाम, क्रँक, अडकलेला पिस्टन आणि गिअरपेटी ही चार कामे घरी करावयाची नाहीत, हेही पहिल्याच पानावर लिहावे. आणि ब्रेकचे पान पूर्ण भरून वडिलांनी त्यावर खूण केल्यावाचून प्लग जागेवर बसवू नये.