पडद्यावरचा गौरवग्रंथ

मराठी साहित्यव्यवहारात गौरवग्रंथ नावाचा एक प्रकार आहे. एखाद्या ज्येष्ठ लेखकाला वा प्राध्यापकाला साठ किंवा पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली, की समिती स्थापन होते, पत्रे जातात, लेख येतात, आणि जाड पुठ्ठ्याचा एक ग्रंथ शाल-श्रीफळाच्या सोबतीने प्रकाशित होतो. त्यातले लेख वाईटच असतात असे नाही. काही तर उत्तम असतात. पण त्या ग्रंथात एका प्रश्नाला प्रवेश नसतो. ज्या कर्तृत्वाचा हा उत्सव चालला आहे त्याची किंमत कोणाकोणाला मोजावी लागली, आणि ती माणसे आज सभागृहात आहेत काय, असा तो प्रश्न.

मार्टिन स्कॉर्सेसीचा 'शाइन अ लाइट' (२००८) हा रोलिंग स्टोन्सच्या मैफलीवरचा चित्रपट आम्ही पुन्हा एकदा पाहिला आणि हा प्रश्न आम्हांला सोडीना. आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. हा चित्रपट म्हणजे एक अत्यंत देखणा गौरवग्रंथ आहे. आणि ज्या दिग्दर्शकाने तो रचला तो सामान्य समितीसदस्य नसल्यामुळे त्याचा अपराध अधिक गंभीर आहे.

प्रथम तपशील. 'अ बिगर बँग' या दौऱ्यात २९ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर २००६ या दोन रात्री न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये हे चित्रीकरण झाले. त्याच वर्षी १८ फेब्रुवारीला रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर हाच बँड दहा लाखांच्या घरातल्या जनसमुदायापुढे वाजवून आला होता. तसा विराट देखावा टिपावा अशी मिक जॅगरची कल्पना होती. सुमारे २८०० आसनांचे जुने नाट्यगृह निवडले ते स्कॉर्सेसीने. रॉबर्ट रिचर्डसन मुख्य छायालेखक आणि त्याच्या हाताखाली कॅमेरे धरायला इमॅन्युएल लुबेझ्की, जॉन टोल यांच्यासारखे, स्वतंत्रपणे मोठे असलेले छायालेखक. फेब्रुवारी २००८मध्ये बर्लिनच्या महोत्सवाचे उद्घाटन या चित्रपटाने झाले.

आता एक सवंग आक्षेप बाजूला सारू. 'म्हाताऱ्यांनी आता थांबावे' हा तो आक्षेप. चित्रीकरणाच्या वेळी जॅगर ६३ वर्षांचा होता, ड्रमवादक चार्ली वॉट्स ६५ वर्षांचा. त्यात हसण्यासारखे काय आहे? ज्या ब्लूज संगीतातून हा बँड जन्मला त्या परंपरेत कलावंताने म्हातारपणी थांबावे असा दंडक कधीच नव्हता. मडी वॉटर्सला 'आता पुरे' असे कोणी म्हटले नाही; आणि त्याच्याच एका ध्वनिमुद्रिकेवरून या मंडळींनी १९६२ साली आपले नाव घेतले होते. आपल्याकडेही सत्तरीतल्या गवयाचा षड्ज ऐकायला आपण आदराने जातोच. तेव्हा वय हा आक्षेपाचा विषयच नव्हे. उलट आमची तक्रार अशी, की हा चित्रपट वयाला घाबरतो. सुरकुत्यांच्या इतक्या जवळ जाऊनही तो त्यांच्यापाशी थांबत नाही. चेहऱ्यावर क्षणभर कॅमेरा टेकतो न टेकतो तोच संकलनाची कात्री चालते. आणि रंगमंचालगतच्या रांगांत दिसतात ते बहुतांश तरुण, टवटवीत चेहरे. बँडबरोबर वाढलेली, पन्नाशी ओलांडलेली श्रोतृमंडळी कोठे गेली, असा प्रश्न पडतो.

काळाचा विचार म्हणून जो काही चित्रपटात येतो तो जुन्या मुलाखतींच्या तुकड्यांतून. १९७२ साली एका दूरचित्रवाणी मुलाखतकाराने जॅगरला विचारले होते, साठाव्या वर्षीही हेच करताना तुम्ही स्वतःला पाहता काय? तरुण जॅगर सहजपणे होकार देतो, आणि लगेच साठी उलटलेला जॅगर रंगमंचावर उड्या मारताना दिसतो. सभागृह हसते, आपणही हसतो. पण ही कोटी झाली, चिंतन नव्हे. पूर्वी असा होता आणि आजही तसाच आहे, हे गौरवग्रंथातले सर्वांत लाडके वाक्य. मधल्या तीन-साडेतीन दशकांत काय झाले हे त्या वाक्यात मावत नाही.

काय झाले त्यातला एक प्रसंग पडद्यावरच नोंदलेला आहे. ६ डिसेंबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियातल्या आल्टामाँट येथे याच बँडची विनामूल्य मैफल झाली. व्यवस्था राखण्याचे काम हेल्स एंजल्स या मोटारसायकलस्वारांच्या टोळीकडे गेले होते. बँड वाजवीत असताना मेरेडिथ हंटर हा अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण टोळीतल्या एकाच्या सुऱ्याने मारला गेला. त्याच्या हातात पिस्तूल होते. मारणारा पुढे स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर निर्दोष सुटला. अल्बर्ट आणि डेव्हिड मेझल्स हे बंधू आणि शार्लट झ्वेरिन यांनी या दौऱ्यावर 'गिमी शेल्टर' (१९७०) हा चित्रपट केला. त्याची रचना अभ्यासकांनी पुनःपुन्हा पाहावी अशी आहे. त्यात जॅगर संकलनाच्या टेबलापाशी बसून तो मृत्यू छोट्या पडद्यावर पाहतो. फीत मागे नेली जाते, पुन्हा चालवली जाते. ज्याच्यावर चित्रपट चालला आहे त्यालाच चित्रपटाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसवले आहे.

'गिमी शेल्टर' निष्कलंक होता असा आमचा दावा नाही. पॉलिन केल हिने त्याच वेळी त्यावर कठोर टीका केली. चित्रीकरणासाठी घडवून आणलेल्या कार्यक्रमात चित्रपटकर्ते स्वतः किती गुंतलेले आहेत, हा तिचा प्रश्न होता. दिग्दर्शकांनी तिचे आरोप नाकारले. वाद आजही मिटलेला नाही, आणि आम्हांला महत्त्व वाटते ते यालाच. ज्या चित्रपटाविषयी असा वाद होऊ शकतो त्याने स्वतःला धोक्यात घातलेले असते. 'शाइन अ लाइट'विषयी असा कोणता वाद झाला? ध्वनी उत्तम, प्रकाशयोजना उत्तम, बँड अजून दमदार. समारंभ उत्तम पार पडला.

धोक्याचे नाटक मात्र येथेही आहे. आरंभीची काही मिनिटे कृष्णधवल आहेत: गाण्यांची यादी हाती येत नाही म्हणून स्कॉर्सेसी हवालदिल, दिव्याच्या उष्णतेने जॅगर भाजून निघेल असे कोणीतरी सांगतो तेव्हा चेहरा पाहण्यासारखा. प्रसंग गमतीचे आहेत. पण या गमतीत अनिश्चितता उरते ती एवढीच, की पहिले गाणे कोणते. आल्टामाँटला कोण जिवंत परतणार हे ठाऊक नव्हते. आणि योगायोग असा, की बीकनमध्ये पडद्यामागे कॅमेरा घेऊन वावरणाऱ्यांत अल्बर्ट मेझल्सही होता. सदतीस वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाचा साक्षीदार त्याच सभागृहात आहे, सैतानाला उद्देशून असलेले ते प्रसिद्ध गाणेही गायले जाते, आणि चित्रपटाला त्या दिवसाची आठवण होत नाही! विसर पडणे मानवी आहे. पण साक्षीदार बोलावून त्याला काहीच न विचारणे ही निवड आहे.

याहून जवळचा एक मृत्यूही आहे. अटलांटिक रेकॉर्ड्सचा सहसंस्थापक आह्मेत एर्तेगुन २९ ऑक्टोबरच्या रात्री याच नाट्यगृहात पडद्यामागे पडला, डोक्याला मार लागला, आणि १४ डिसेंबर २००६ रोजी, वयाच्या ८३व्या वर्षी वारला. इस्तंबूलला जन्मलेल्या या माणसाने रे चार्ल्ससारख्या कृष्णवर्णीय कलावंतांचे संगीत अमेरिकेच्या घराघरांत नेले; पुढे स्टोन्सच्या ध्वनिमुद्रिकांचे वितरणही त्याच्याच कंपनीकडे आले. या संगीताचा व्यापार आणि त्याची आस्था यांची गाठ ज्या एका माणसात पडली होती तो याच समारंभात कोसळला. चित्रपट त्याला अर्पण केला आहे. अर्पणपत्रिका! गौरवग्रंथात मृत्यूसाठी राखून ठेवलेले पान तेच असते.

या सर्वाला छेद देणारा एक प्रसंग चित्रपटात आहे आणि तो न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. पाहुणा म्हणून बडी गाय येतो. वय ७०, लुईझियानाचा, शिकागोत मडी वॉटर्सच्या सहवासात घडलेला. तो मडी वॉटर्सचेच एक गाणे गाऊ लागतो आणि कॅमेऱ्याची धावपळ अकस्मात थांबते. गायच्या चेहऱ्यावर तो स्थिर होतो, नेहमीपेक्षा खूपच अधिक वेळ. आवाज सभागृहाच्या भिंतींना जाऊन भिडतो. जॅगर आणि रिचर्ड्स त्याच्याकडे पाहतात ते शिष्याच्या नजरेने, आणि शेवटी रिचर्ड्स आपली गिटार त्याला देऊन टाकतो. एवढ्या काही मिनिटांत चित्रपटाला आपला खरा विषय सापडला होता: ऋण. हे संगीत कोणाचे, कोणाच्या नावावर जमा झाले, आणि परतफेड म्हणून एक गिटार पुरते काय? पण पुढचे गाणे सुरू होते, आणि प्रश्न मागे राहतो.

यावर उत्तर तयार असते: अहो, हा मैफलीचा चित्रपट आहे, त्याच्याकडून इतिहासाची अपेक्षा कशाला? आमच्यातला एकजण एप्रिल २००३मध्ये मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर स्टोन्सना ऐकायला गेला होता. त्याला शेवटच्या रांगांतून दिसल्या त्या काडेपेटीएवढ्या आकृती. म्हणून 'शाइन अ लाइट'मध्ये वॉट्सचा थकलेला निःश्वास ऐकू आला तेव्हा तो कृतज्ञ झाला. त्याची कृतज्ञता आम्हांला मान्य आहे. सान्निध्य ही या चित्रपटाची खरी देणगी होय. पण मैफलीच्या चित्रपटाला विचार करता येत नाही हे खरे नव्हे. जॉनाथन डेमीने 'स्टॉप मेकिंग सेन्स'मध्ये (१९८४) जवळजवळ अखेरपर्यंत श्रोत्यांना पडद्याबाहेर ठेवून रंगमंच हेच एक विधान केले. खुद्द स्कॉर्सेसीने 'द लास्ट वॉल्ट्झ'मध्ये (१९७८) द बँडच्या निरोपाच्या मैफलीला थकव्याची आणि शेवटाची जाणीव दिली होती. त्या चित्रपटावर पुढे त्याच बँडच्या ड्रमवादकाने, लेव्हन हेल्मने, १९९३च्या आत्मचरित्रात सडकून टीका केली. एकाच सहकाऱ्याला मोठे केले, असा त्याचा आक्षेप. म्हणजे तेथेही भांडण होते. जेथे भांडण शक्य असते तेथे काहीतरी जिवंत असते.

चित्रपटाचा शेवट पाहा. कॅमेरा बँडच्या मागून नाट्यगृहाबाहेर पडतो, दिग्दर्शक त्याला वर, अजून वर जायला सांगतो, तो न्यूयॉर्कच्या छपरांवर उंच चढतो, आकाशात चंद्र दिसतो, आणि त्या चंद्राचे रूपांतर बँडच्या बोधचिन्हात होते: लाल ओठ आणि बाहेर काढलेली जीभ. जॉन पाश या कलाविद्यार्थ्याने सत्तरच्या दशकाच्या आरंभी काढलेली ती खट्याळ जीभ आता आकाशात टांगली आहे. चंद्राने व्यापारचिन्ह व्हावे, हे रूपक स्कॉर्सेसीने उपरोधाने वापरले असते तर आम्ही उठून अभिवादन केले असते. आम्हांला तेथे उपरोध दिसला नाही. दिसला तो हार घातल्याचा आनंद.

काळाने मात्र चित्रपटाला उत्तर दिले. जे प्रश्न दिग्दर्शकाने टाळले ते बँडच्या वाट्याला आलेच. गुलामगिरीचे संदर्भ असलेले 'ब्राउन शुगर' बीकनमध्ये जल्लोषात वाजते. २०२१च्या अमेरिकेतल्या दौऱ्यात ते यादीतून गळाले. चार्ली वॉट्स २४ ऑगस्ट २०२१ रोजी गेला. आणि २०२४च्या दौऱ्याची पुरस्कर्ती होती पन्नाशीपुढच्या अमेरिकनांसाठी काम करणारी एक संस्था. वय लपवण्याची गरज बँडला उरली नव्हती. ती होती त्याच्या गौरवकारांना.

हे सारे मराठीच्या विद्यार्थ्यांना कशासाठी सांगायचे? कारण आम्हीही गौरवकार आहोत. आमच्यापैकी तिघांनी अशा ग्रंथांत लेख लिहिले आहेत. एकाने आपल्या लेखातला एक परिच्छेद संपादकांच्या विनंतीवरून काढून टाकला. सत्कारमूर्तींच्या एका कादंबरीवर आलेल्या जुन्या, गंभीर आक्षेपाची त्यात नोंद होती. 'या प्रसंगी ते बरे दिसणार नाही' असे कळवण्यात आले होते. त्या लेखात उरले ते सर्व खरेच होते, आणि तरीही तो लेख खोटा झाला.

प्रेम आणि चिकित्सा यांत वैर नाही. बडी गायकडे पाहताना रिचर्ड्सच्या डोळ्यांत दोन्ही होती: आपण कोणाचे काय घेतले हे त्याला त्या क्षणी ठाऊक होते. समीक्षेने तेवढे तरी ठाऊक करून घ्यावे. पुढच्या गौरवग्रंथासाठी पत्र येईल तेव्हा आम्ही लेख पाठवू. पण तो परिच्छेद त्यात असेल, आणि तो काढायचा असेल तर संपूर्ण लेखच परत पाठवावा, असे सोबतच्या पत्रात लिहू.